ठासणीची बंदूक : कायद्यानेच शेतकऱ्याच्या हाती दिलेलं जुनं हत्यार

लोकसभा असो, विधानसभा असो की जिल्हा परिषद, आचारसंहिता लागली की कोकणातल्या पोलीस ठाण्यांबाहेर एक रांग लागते. गोणपाटात नाहीतर जुन्या लुंगीत गुंडाळलेली लांबलचक वस्तू खांद्याला लावून साठी-सत्तरीतले शेतकरी उभे असतात. ती वस्तू म्हणजे ठासणीची बंदूक. ठाण्यात जमा करायची, पावती घ्यायची आणि निकाल लागल्यावर परत न्यायची. मधल्या काळात भाताला, काजूला, नारळाला राखण कोण करणार, हे त्या नोटिशीत लिहिलेलं नसतं.

शहरातल्या मित्रांना हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "अजून अशा बंदुका आहेत?" आहेत. नुसत्या आहेत असं नाही, देशाच्या कायद्यात त्यांना नावानिशी जागा आहे. ती जागा कशी मिळाली याचा इतिहास मोठा आहे आणि आपल्या गावगाड्याला समजून घ्यायला फार उपयोगाचा आहे. त्यात १८५७ आहे, लॉर्ड लिटन आहे, काँग्रेसचं कराची अधिवेशन आहे आणि आज रात्री कुणाच्या तरी वायंगणात घुसणारं रानडुक्करही आहे. म्हणून ही पोस्ट लांब झाली आहे. सवडीने वाचा.

आधी वस्तू समजून घेऊ. आजच्या बंदुकीत काडतूस मागून भरतात. ठासणीची बंदूक पुढून, नळीच्या तोंडातून भरायची. आधी मोजून दारू ओतायची. ही काळी दारू, म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. त्यावर काथ्याचा नाहीतर चिंधीचा बोळा आणि तो गजाने ठासून बसवायचा. नाव त्यावरूनच पडलं. मग शिशाची गोळी किंवा छर्रे, वर पुन्हा बोळा, पुन्हा गज. शेवटी घोड्याखालच्या बारीक नळीवर तांब्याची इवलीशी टोपी, म्हणजे केप, बसवायची. घोडा केपावर आपटला की ठिणगी आत जाते आणि बार होतो. धूर इतका की लागलं की चुकलं हे तो विरेपर्यंत कळत नाही. दुसरा बार भरायचा तर हे सगळं पहिल्यापासून. दारूला ओल लागली तर बार होतच नाही, आणि कोकणात पावसाचे चार महिने ओल कशाला म्हणतात ते सांगायला नको.

केपाच्या आधी चकमकीची बंदूक होती, म्हणजे गारेचा तुकडा पोलादावर घासून ठिणगी पाडायची. त्याच्याही आधी तोड्याची, म्हणजे जळती जामगी दारूला लावायची. मराठ्यांच्या फौजांत, किल्ल्यांवरच्या शिबंदीत मुख्यतः ही तोड्याची बंदूक चाले. स्फोटक मसाल्यावर घोडा आपटून बार काढायची युक्ती अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने शोधली आणि १८०७ मध्ये तिचं पेटंट घेतलं. हा गृहस्थ पक्ष्यांच्या शिकारीचा शौकीन होता. चकमकीची ठिणगी दिसली की बार व्हायच्या आत पक्षी उडून जायचे, म्हणून त्याने हा खटाटोप केला असं सांगतात. पुढे त्यातूनच केप निघाली. म्हणजे आमच्या शेतकऱ्याच्या बंदुकीचं मूळ शेवटी एका शिकाऱ्याच्या वैतागात आहे.

आता १८५७. शाळेत आपण गाईच्या आणि डुकराच्या चरबीची काडतुसं शिकलो. ती बंदूक कोणती होती हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. ती एन्फील्ड रायफल, आणि ती ठासणीचीच होती. काडतूस म्हणजे कागदाची पुडी. ती दाताने फाडायची, दारू नळीत ओतायची आणि गोळी गजाने खाली सारायची. ठासणीची नसती तर दाताने फाडायचा प्रश्नच आला नसता. फरक एवढाच की एन्फील्डच्या नळीत आतून आटे पाडलेले होते. त्यामुळे गोळी फिरत फिरत जाते, लांब जाते आणि नेमकी लागते. साध्या गुळगुळीत नळीची गोळी पन्नास-साठ पावलांपुढे कुठे जाईल याचा भरवसा नाही.

उठाव मोडल्यावर इंग्रजांनी दोन गोष्टी केल्या. पहिली गोष्ट लष्करात. देशी शिपायांच्या हातात गोऱ्या शिपायापेक्षा एक पायरी खालचं हत्यार राहील, हे धोरण ठरलं. त्यांच्यासाठी आटे नसलेल्या, गुळगुळीत नळीच्या बंदुका खास काढल्या. १८६६ नंतर गोऱ्या पलटणींना मागून भरायच्या स्नायडर रायफली मिळाल्या, तरी देशी पलटणी बरीच वर्षं ठासणीवरच होत्या. दुसरी गोष्ट रयतेची. १८५७ मध्येच निःशस्त्रीकरणाचा कायदा आला, १८६० मध्ये दुसरा आला, आणि १८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत तो प्रसिद्ध इंडियन आर्म्स अॅक्ट झाला. हत्यार बाळगायचं तर परवाना हवा. त्यातून युरोपियनांना माफी, संस्थानिकांना आणि बड्या मानकऱ्यांना सवलत. शेतकऱ्याने मात्र कलेक्टरच्या दारात उभं राहायचं.

पत्रकार म्हणून एक गोष्ट मला इथे सांगावीशी वाटते. त्याच १८७८ साली, त्याच लिटनने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही आणला. एकाच वर्षी बंदुकीवर आणि लेखणीवर परवाना! लेखणीवरचा कायदा लॉर्ड रिपनने थोड्याच वर्षांत काढून टाकला. बंदुकीवरचा मात्र इंग्रज गेले तरी बारा वर्षं तसाच राहिला. इंग्रजांना भीती उगाच वाटत नव्हती. कायदा झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोश्यांना घेऊन पुणे जिल्ह्यात बंड उभारलं.

याच काळात साहेबाची शिकार जोरात होती, आणि निम्मं शतक तीही ठासणीवरच. खानदेशात १८२५ मध्ये भिल्लांची पलटण उभी करणारा जेम्स औट्रम. त्याने आणि त्याच्या साथीदारांनी दहाएक वर्षांत दोनशेच्या आसपास वाघ मारल्याच्या नोंदी आहेत. सातपुडा-मेळघाटाच्या रानांवर पुस्तक लिहिणारा कॅप्टन जेम्स फोर्सिथ (हा वर आलेल्या पाद्र्याहून वेगळा) शिकारीच्या रायफलीवरही एक आख्खं पुस्तक लिहून गेला. संस्थानिकही मागे नव्हते. कोल्हापूरकर शिकवलेले चित्ते सोडून काळवीट मारत आणि दाजीपूरचं रान शिकारीसाठी राखून ठेवत. त्याच दाजीपूरचं १९५८ मध्ये अभयारण्य झालं. म्हणजे राजाचं शिकारीचं रान सरकारी अभयारण्य झालं आणि त्यातले गवे, सांबरं, डुकरं हद्दीबाहेरच्या शेतात चरायला येऊ लागली. राजा गेला तरी राखण शेतकऱ्याच्याच गळ्यात राहिली.

स्वातंत्र्यलढ्यात हा मुद्दा मोठा होता, हे आज आपण विसरलोय. १९३१ च्या कराची काँग्रेसमध्ये मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगायचा नागरिकाचा हक्क लिहिलेला होता. राज्यघटनेत तो आला नाही. पण १९५९ मध्ये जेव्हा नवा शस्त्र कायदा झाला, तेव्हा त्याच्या कलम १३ मध्ये एक ओळ आली. बाकी बहुतेक हत्यारांसाठी परवाना द्यायचा की नाही ते अधिकाऱ्याने अर्जदाराचं कारण तपासून ठरवायचं. पण खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला परवाना द्यायचा आहे, असं कायदा म्हणतो. नाकारायचाच तर कायद्यातलंच कारण दाखवावं लागतं. पुढे असंही लिहिलंय की ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येईल.

ही ओळ दोन्ही बाजूंनी वाचता येते. एका बाजूने ती शेतकऱ्याचा मान आहे, देशाच्या कायद्याने त्याची गरज ओळखली. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर जगात कधीच मोडीत निघालेलं हत्यार त्याच्या वाट्याला आलं. १८५७ नंतर देशी शिपायाच्या बाबतीत जो हिशोब होता, एक पायरी खालचं हत्यार, तोच हिशोब आपल्याच सरकारने आपल्याच शेतकऱ्याच्या बाबतीत पुढे चालवला. मला दोन्ही वाचनं खरी वाटतात.

सगळीकडे असं झालं नाही. शेजारच्या कर्नाटकातल्या कोडगूमध्ये कोडव समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना इंग्रजांनी १८६१ मध्येच परवान्यातून माफी दिली. ती स्वतंत्र भारतातही चालू राहिली. २०१९ मध्ये केंद्राने तिला २०२९ पर्यंत मुदत दिली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानेही ती वैध ठरवली. तिथे बंदुकीची पूजा होते, सणाला बार काढतात. कोकणात गावपारधीची परंपरा तितकीच जुनी. आम्हाला अशी माफी कधी मिळाली नाही.

काही वर्षांपूर्वी या विषयावर बातमी करताना एका वयोवृद्ध शेतकऱ्याशी बोललो होतो. त्यांनी १९६० च्या दशकात बापाच्या ठासणीने पहिलं भेकर मारलं होतं. भेकर म्हणजे कुत्र्यासारखं भुंकणारं लहानसं हरीण. कुळथाच्या शेतात रोज यायचं. बापाने सांगितलेलं, पहिले आठ दिवस बंदूक न्यायची नाही, नुसतं बसून बघायचं. कुठून येतं, वारा कुठला असतो, कधी मान वर करतं. नवव्या दिवशी बंदूक हातात दिली, त्यात एकच बार भरून. "दुसरो भरूचो नाय," असा हुकूम. तिसाएक पावलांवर आलं तेव्हा घोडा ओढला, केप वाजली, पण बार झालाच नाही. दारूला दव लागलेलं. पुढे चार दिवसांनी साधलं.

मी विचारलं, एवढी खटपट कशाला? ते हसले. "बार एकच असता. तो चुकलो की दुसरो भरीपर्यंत भेकरो डोंगराच्या पलीकडे. म्हणान नेम लागता." मग जरा थांबून म्हणाले, "आणि गाभण असली तर बापूस वाजवूक देय नसे. आता तसो बघणारो कोण आसा?" भेकराचं मांस बारा घरांत वाटलं, एक वाटा देवाला ठेवला. हे सगळं सांगताना त्यांना अभिमान होता आणि जरा संकोचही होता, कारण समोर बसलेल्या माणसाच्या हातात वही होती.

त्या संकोचाचं कारण १९७२. तोवर १९५१ चा मुंबई राज्याचा वन्यपशू-पक्षी कायदा होता, शिकारीला परवाना लागायचा, पण गावात तो विचारणारं कुणी नव्हतं. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यातही सुरुवातीला शिकार पूर्ण बंद नव्हती. चितळ, सांबर, भेकर आणि रानडुक्कर हे सगळे एकाच तिसऱ्या अनुसूचीत होते आणि त्यांच्या शिकारीचे परवाने निघू शकत. १९९१ च्या दुरुस्तीने ते दार बंद केलं. ते बंद व्हायलाच हवं होतं, हे मी स्पष्ट लिहितो. जीप, बॅटरीचा झोत आणि काडतुसाच्या बंदुका घेऊन शहरातून येणाऱ्या शौकिनांनी रानं रिकामी केली होती. ज्यांनी रानं रिकामी केली ते वेगळे आणि ज्यांची बंदूक कायमची संशयात आली ते वेगळे, एवढंच माझं म्हणणं आहे.

कारण त्यानंतर एक विचित्र अवस्था तयार झाली. एका कायद्याने पीक राखायला बंदूक दिली, दुसऱ्या कायद्याने पीक खाणाऱ्या जनावरावर ती चालवायला बंदी घातली. परवानाधारक शेतकरी आज कायदेशीरपणे करू शकतो काय? तर हवेत बार काढू शकतो. डुकराला आणि माकडाला हे दोन-चार रात्रींत कळतं. वन्यजीव कायद्याच्या कलम ११ मध्ये पिकांचं नुकसान करणाऱ्या जनावराला मारायची परवानगी देता येते. २०१५ मध्ये महाराष्ट्राने रोही आणि रानडुकरासाठी त्याबाबत आदेशही काढला. २०१६ मध्ये चंद्रपूर भागात पन्नासच्या वर डुकरं मारली गेली, तेव्हा दिल्लीत एकाच मंत्रिमंडळातले दोन मंत्री, प्रकाश जावडेकर आणि मेनका गांधी, जाहीरपणे एकमेकांविरुद्ध बोलले. केरळने २०२२ मध्ये हा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना दिला, म्हणजे गावाचा निर्णय गावात. आपल्याकडे अर्ज, पंचनामा आणि परवानगीचा कागद फिरेपर्यंत भात कापून झालेलं असतं.

मग लोक काय करतात? जे करू नये तेच करतात. तारेची फासकी लावतात, त्यात डुकराऐवजी बिबट्या अडकतो. कुंपणात चोरून वीज सोडतात, त्यात गाय मरते, कधी शेजारी मरतो. पिठात स्फोटकाचा गोळा घालून ठेवतात, जनावराचा जबडा फुटतो आणि ते दिवसेंदिवस तडफडतं. लोखंडी पाइपच्या विनापरवाना गावठी बंदुका बनतात. अशी बंदूक सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं तुरुंग आहे. रात्री डुक्कर समजून सोबत्यालाच गोळी लागल्याच्या बातम्या मी स्वतः केल्या आहेत. अशा घरात बातमीसाठी जाणं हे या धंद्यातलं सगळ्यात जड काम. म्हणून बंदुकीचं कौतुक करणारी ही पोस्ट आहे असं कुणी समजू नये.

या सगळ्याच्या उलटी एक गोष्ट सांगतो. अमेरिकेत ठासणीची बंदूक आज हौसेने वापरतात. पेनसिल्व्हेनिया राज्यात १९७४ पासून हरणांच्या शिकारीचा एक वेगळा हंगाम आहे, नाताळनंतरच्या थंडीतला, आणि त्यात फक्त चकमकीची बंदूक चालते. शिकाऱ्याच्या आयुष्यातलं 'ठासणीचं पहिलं हरीण' हा तिथे अभिमानाचा विषय असतो. एकच बार, जवळ जायचं, चुकलं तर हरीण सुटलं. आमच्या त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने सांगितलेलं तत्त्व तिथे सरकारी नियमात आहे. तिथेही विसावं शतक उजाडताना हरणं संपत आली होती. मग हंगाम ठरले, संख्या ठरली, आणि १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाला लावला. आज तिथे हरणं इतकी वाढली आहेत की ती कमी कशी ठेवायची हा प्रश्न आहे.

म्हणून इथे शिकार सुरू करा, असं मी म्हणत नाही. आपली रानं तुटक, आपली वस्ती दाट, आपलं हरीण बिबट्याच्या आणि वाघाच्या तोंडचा घास आहे. ते कमी झालं तर बिबट्या कुत्र्यामागे गोठ्यात येतो, हे आपण बघतोच आहोत. पण तिथल्या उदाहरणातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. हत्यार कुणाकडे आहे, किती आहे, ते कशासाठी आणि कधी चालेल, हे तिथे ठरवून सांगितलेलं आहे. आपल्याकडे परवाना एका खात्याचा, जनावर दुसऱ्या खात्याचं, नुकसानीचा पंचनामा तिसऱ्याचा, आणि निवडणूक आली की चौथ्याची नोटीस.

मागण्या फार मोठ्या नाहीत. निवडणुकीत हत्यारं सरसकट जमा करू नका, छाननी समितीने माणूस बघून ठरवावं, ही भूमिका न्यायालयांनी घेतलेली आहे आणि निवडणूक आयोगाच्या सूचनाही तशाच आहेत. ज्याच्यावर एकही गुन्हा नाही अशा सत्तर वर्षांच्या शेतकऱ्याला ऐन पिकात ठाण्याची पायरी चढायला लावू नका. वारसाच्या नावावर परवाना करायची तरतूद २०१६ च्या नियमांत आहे. सत्तरी ओलांडलेल्या किंवा पंचवीस वर्षं परवाना असलेल्या माणसाला तो हयातीतच मुलाच्या नावे करून मागता येतो. हे तलाठ्यापासून पोलीस पाटलापर्यंत सगळ्यांनी लोकांना सांगावं, नाहीतर बाप गेल्यावर माळ्यावरची बंदूक एका रात्रीत बेकायदा होते आणि मुलाला कळतही नाही. डुकराच्या बाबतीत निर्णय तालुक्याच्या पातळीवर आणि हंगामाच्या आत व्हावा, आणि अमलात आणताना वनखात्याचा माणूस जागेवर हजर असावा. नुकसानभरपाई पीक उभं असतानाच्या दराने मिळावी. आणि फासकी, वीज, स्फोटकं यांच्यावर कारवाई करताना हयगय नको, मग तो आपला भाऊबंद असला तरी.

तुमच्या घरात ठासणीची बंदूक असेल तर एक काम आजच करा. परवान्याचं पुस्तक काढून मुदत कधी संपते ते बघा. आता मुदत पाच वर्षांची आहे, नूतनीकरण चुकलं तर गुन्हा बंदुकीवर नाही, तुमच्यावर दाखल होतो. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांकडे तिची हकीकत असेल तर लिहून ठेवा. कलेक्टर कचेरीत त्या बंदुकीचा नुसता नंबर आहे. ती घरात कुणी आणली आणि तिने कुठल्या दुष्काळात पीक राखलं, हे ते गेल्यावर सांगणारं कुणी उरणार नाही.